नौकावाहू ट्रेलर
नौकावाहू ट्रेलर : लहान नौका जमिनीवरून नेण्यासाठी व पाण्यात उतरविण्यासाठी वापरण्यात येणारे, स्वतःचे एंजिन नसलेले व मोटारगाडीच्या मागे जोडून ओढण्यात येणारे वाहन. जस्तलेपित पोलादाची किंवा ॲल्युमिनियमाची चौकट, एक वा दोन आस, नौकेला आधार देणाऱ्या रुळांच्या किंवा गालिचा मढविलेल्या लाकडी पट्ट्यांच्या रांगा, पुढील बाजूस नौका ओढून घेण्याचा हातरहाट आणि मोटारगाडीशी जोडणारी ओढदांडी हे त्याचे मुख्य भाग होत. ओढदांडीच्या टोकाची वाटीसारखी जोडणी (कपलिंग) मोटारगाडीच्या मागे बसविलेल्या पोलादी गोळ्यावर अडकविण्यात येते. या गोळ्याचा व्यास यूरोपात ५० मिमी. असतो, अमेरिकेत भारानुसार निरनिराळ्या मापांचे गोळे प्रचलित आहेत. वाटी आणि गोळा वेगवेगळ्या मापांचे असल्यास जोडणी बसल्यासारखी दिसते, पण पहिल्या मोठ्या धक्क्याला ती उचकटते.

कुटुंबाच्या नेहमीच्या मोटारगाडीने अशी नौका सुरक्षितपणे ओढता येईल काय, हा प्रश्न बहुधा एंजिनाच्या शक्तीसंबंधी आहे असे समजले जाते. वस्तुतः आजकालची बहुतेक एंजिने लहान नौका सहज ओढू शकतात. ९५० किग्रॅ. वजनाचा ट्रेलर ६ टक्के चढावर ताशी ६० किमी. वेगाने नेण्यास केवळ चढासाठी सु. ९·३ किलोवॉट, म्हणजे साडेबारा अश्वशक्ती जादा लागते. खरा प्रश्न ओढण्याचा नसून हे वजन थांबविण्याचा, सरळ रेषेत ठेवण्याचा आणि ओल्या उतारावरून पुन्हा वर काढण्याचा आहे.

इतिहास : नौका मोटारीमागे नेण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. ओली एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास अमेरिकेत आउटबोर्ड एंजिन (नौकेच्या पिछाडीस बाहेरून लावावयाचे एंजिन) यशस्वीपणे बाजारात आणले होते. परंतु प्लायवुड व काचतंतु-प्रबलित प्लॅस्टिक यांच्या हलक्या नौका आणि मध्यमवर्गाच्या हाती आलेली मोटारगाडी यांची गाठ महायुद्धानंतरच पडली. धरणांमुळे निर्माण झालेल्या मोठ्या जलाशयांनी समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनाही नौकाविहाराची सोय करून दिली. ब्रिटनमध्ये जॅक होल्ट यांनी अभिकल्पिलेल्या जीपी १४ (१९४९) व एंटरप्राइझ (१९५६) या शिडाच्या नौका, तसेच होल्ट व बॅरी बकनेल यांची मिरर (१९६२–६३) ही नौका घरच्या घरी जोडता येत असे. मिररचा सांगाडा केवळ ४५ किग्रॅ.च्या आसपास असल्याने ती मोटारगाडीच्या टपावरही नेता येते. एंटरप्राइझचा सांगाडा ९४ किग्रॅ. भरतो. अशा नौकांना हलका, गतिरोधक नसलेला ट्रेलर पुरतो व जवळजवळ कोणतीही मोटारगाडी त्या ओढू शकते. अडचण सुरू होते ती पाच मीटरांच्या आसपासच्या एंजिनयुक्त नौकेपासून. पुढील विवेचन मुख्यत्वे तिच्याविषयी आहे.

वजनाचा हिशेब : उत्पादकाच्या माहितीपत्रकात दिलेले वजन बहुधा रिकाम्या नौकेचे असते व खरेदीदार तेच मनात धरून बसतो. उदा., नौका ४२० किग्रॅ., ११५ अश्वशक्तीचे चारधावी आउटबोर्ड एंजिन सु. १७० किग्रॅ., ७५ लिटर पेट्रोल ५६ किग्रॅ., विद्युत् घटमाला २० किग्रॅ., नांगर, दोर, जीवरक्षक जाकिटे व इतर सामान ४५ किग्रॅ. आणि खुद्द ट्रेलर २४० किग्रॅ. अशी बेरीज केली, तर ४२० किग्रॅ.ची म्हणून घेतलेली नौका रस्त्यावर ९५१ किग्रॅ. भरते. कागदावरील बेरजेपेक्षा भरलेला ट्रेलर सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन तोलणे अधिक विश्वसनीय होय.

मोटारगाडीच्या बाजूनेही एकच आकडा पाहून भागत नाही. यूरोपीय मोटारगाड्यांच्या पट्टीवर चार आकडे कोरलेले असतात : भरलेल्या गाडीचे कमाल वजन, गाडी व ट्रेलर यांचे मिळून कमाल वजन आणि पुढील व मागील आसांवरील कमाल भार. दुसऱ्यातून पहिला वजा केला असता, गाडी पूर्ण भरलेली असताना ओढता येणारे वजन मिळते. १,४५० किग्रॅ. वजनाच्या रिकाम्या गाडीचे कमाल वजन १,९५० व एकत्रित कमाल वजन ३,१५० किग्रॅ. असल्यास ट्रेलरसाठी १,२०० किग्रॅ.ची मुभा राहते व वरील नौका त्यात आरामात बसते. मात्र चार माणसांचे कुटुंब (२६० किग्रॅ.), सामान (८० किग्रॅ.), मागे बसविलेली जोडचौकट (२५ किग्रॅ.) आणि ट्रेलरने गोळ्यावर टाकलेला भार (९० किग्रॅ.) यांची बेरीज ४५५ किग्रॅ. होते, गाडीच्या ५०० किग्रॅ. वहनक्षमतेपैकी अवघे ४५ किग्रॅ. उरतात. ओढक्षमता शिल्लक असून वहनक्षमता संपण्याचा हा प्रकार फार वेळा घडतो, पण तो क्वचितच ध्यानात येतो.

अमेरिकेत २००८ साली तयार झालेल्या एसएई जे २८०७ या मानकापूर्वी प्रत्येक कारखानदार आपापल्या रीतीने ओढक्षमता ठरवीत असे व विक्रीच्या चढाओढीत हे आकडे फुगत असत. या मानकानुसार गाडीची कसोटी ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळच्या लांब चढावर, कडक उन्हाळ्याच्या तापमानात व वातानुकूलन चालू ठेवून घेतात. शिवाय १२ टक्के चढावर थांबलेली गाडी ट्रेलरसह पुढे व मागे पुनःपुन्हा हलवून दाखवावी लागते. तथापि गाडीत चालक व एक सहप्रवासी एवढीच माणसे गृहीत धरलेली असतात. मागील आसनावरील मुलांचे व त्यांच्या सामानाचे वजन त्या आकड्यातून वजा करावयाचे असते.

एकाच प्रकारच्या मोटारगाडीस यूरोपात हजार-दीड हजार किग्रॅ. ओढण्यास परवानगी आणि अमेरिकेत मात्र सक्त मनाई, अशी विसंगती आढळते. यूरोपात ट्रेलरसह वेगमर्यादा कमी आहेत व गोळ्यावर कमी भार टाकण्याची रीत आहे; त्यामुळे लहान गाडीही हे काम करू शकते. अमेरिकेत रूढ असलेला अधिक भार व अधिक वेग तिला झेपत नाही. म्हणून एका देशातील आकडा दुसऱ्या देशात तसाच वापरणे धोक्याचे ठरते.

समतोल : ट्रेलरचा गुरुत्वमध्य त्याच्या आसाच्या किंचित पुढे असावा लागतो, त्यामुळे ओढदांडीचा काही भार गोळ्यावर खाली दाबत राहतो. अमेरिकेत हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवण्याची सर्वसाधारण शिफारस असून नौकांसाठी तो थोडा कमीही चालतो. यूरोपात ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास भार ठेवतात व गाडीच्या उत्पादकाने दिलेली मर्यादा, जी पुष्कळदा ७५ ते १०० किग्रॅ. असते, ओलांडत नाहीत. घरगुती वजनकाट्यावर कपलिंगच्या उंचीची लाकडी मुळी उभी करून तिच्यावर ओढदांडी टेकविली, म्हणजे हा भार सहज मोजता येतो.

भार फार झाल्यास काय होते, हे तरफेच्या नियमाने कळते. गोळा मागील आसाच्या १·१ मी. मागे व गाडीच्या दोन आसांतील अंतर २·६ मी. असेल, तर गोळ्यावरील ९० किग्रॅ. भारामुळे मागील आसावर १२८ किग्रॅ. वाढतात आणि पुढील आसावरून ३८ किग्रॅ. उचलले जातात. सुकाणू आणि बहुतेक कौटुंबिक गाड्यांमध्ये एंजिनाची ओढही पुढच्याच चाकांवर असते. तेथील पकड कमी होते व रात्री दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. ऊसवाहतुकीच्या दिवसांत चढावर ट्रॅक्टरची पुढील चाके उचलली जाताना पश्चिम महाराष्ट्रात अनेकांनी पाहिली असतील. ओढीचा जोर व मागील आसावरील भार यांचे परिबल पुढची चाके हलकी करते, हेच तत्त्व तेथेही आहे.

भार कमी पडण्याचा दोष याहून घातक असतो. वरील ट्रेलरचे कपलिंगपासून आसापर्यंतचे अंतर ४·२ मी. असल्यास ९० किग्रॅ. भारासाठी गुरुत्वमध्य आसाच्या पुढे केवळ ४० सेंमी. असतो. नौकेचे एंजिन व बहुधा इंधनाची टाकीही पिछाडीस असल्याने हे अंतर लवकर मोडते. गाडीत जागा नाही म्हणून ४० किग्रॅ. सामान आसाच्या १·८ मी. मागे नौकेत टाकले, तर गोळ्यावरील भार १७ किग्रॅ.नी घटतो. तळाचे बूच बंद राहून पावसाचे १०० लिटर पाणी पिछाडीस, आसाच्या सु. दोन मीटर मागे साचले, तर तो ४८ किग्रॅ.नी घटून ट्रेलरच्या वजनाच्या ४ टक्क्यांवर येतो. म्हणून रस्त्यावर असताना नौकेचे बूच काढलेले असावे आणि पाण्यात उतरविण्यापूर्वी ते आठवणीने बसवावे. दुसरी गोष्ट विसरण्याचा परिणाम निराळा असला, तरी तोही सुखद नसतो.

नागमोडी हेलकावे : ट्रेलर हा गोळ्याभोवती आडव्या प्रतलात झुलणारा लंबकच असतो. शेजारून जाणाऱ्या मालमोटारीच्या वाऱ्याचा झोत, रस्त्यावरील चाकोरी किंवा सुकाणूचा एखादा झटका यांमुळे तो एका बाजूस ढळतो. त्याच्या टायरांवर निर्माण होणारी आडवी प्रेरणा त्याला परत रांगेत आणते आणि हेलकावे मंदावतात. ही मंदावणारी प्रेरणा टायर पुढे जाताना किती तिरपा घसरतो यावर, म्हणजे आडव्या वेगाचे पुढील वेगाशी असलेल्या गुणोत्तरावर अवलंबून असते. पुढील वेग वाढला की हे गुणोत्तर व त्याबरोबर संदमनही कमी होते. एका विशिष्ट वेगास ते शून्य होते; त्यापुढे प्रत्येक हेलकावा मागच्यापेक्षा मोठा होत जातो आणि अखेरीस ट्रेलर गाडीला आडवे फिरवितो किंवा दोन्ही उलटतात. गुरुत्वमध्य मागे सरकल्यास हा संकटवेग खाली येतो. वजन आसापासून दूर दोन्ही टोकांना विभागलेले असल्यास निरूढी परिबल वाढून सुरू झालेला हेलकावा थांबविणे कठीण जाते. त्यामुळे जड वस्तू आसाजवळ व तळाशी ठेवतात. उतारावर ट्रेलर गाडीस मागून रेटत असल्याने धोका अधिक असतो.

ताशी ७० किमी. वेगास निमूट चालणारा ट्रेलर ९५ किमी. वेगास अचानक बेफाम होतो, याचे कारण हेच. चालकाला पूर्वसूचना फारशी मिळत नाही. अशा वेळी प्रवेगकावरून पाय काढून गाडी आपोआप मंद होऊ द्यावी व सुकाणू शक्य तितके स्थिर धरावे. विरुद्ध दिशांना सुकाणू फिरवून हेलकावे मोडू पाहणारा चालक बहुधा ते वाढवितो. गाडीचे गतिरोधक जोराने दाबणे किंवा वेग वाढवून ट्रेलर ‘ताणून’ सरळ करणे हे दोन्ही उपाय अनर्थकारक आहेत. घर्षणाने हेलकावे रोखणारी कपलिंगे आणि चाकांना स्वतंत्रपणे गतिरोध करणाऱ्या इलेक्ट्रॉनिकीय प्रणाली आता उपलब्ध आहेत. त्यांनी संकटवेग थोडा वर सरकतो; परंतु चुकीची भरणी त्या दुरुस्त करू शकत नाहीत.

गतिरोध : ताशी ८० किमी. वेगाने जाणाऱ्या ९५० किग्रॅ. ट्रेलरमध्ये सु. २३५ किलोजूल गतिज ऊर्जा असते, कुटुंबासह सु. १,८१५ किग्रॅ. भरणाऱ्या गाडीत ती सु. ४४८ किलोजूल असते. ट्रेलरला स्वतःचे गतिरोधक नसतील, तर गाडीच्या गतिरोधकांना नेहमीच्या दीडपटीहून अधिक उष्णता सोसावी लागते. ब्रिटनमध्ये गतिरोधकविरहित ट्रेलरचे कमाल वजन ७५० किग्रॅ. किंवा गाडीच्या वजनाचे निम्मे, यांपैकी जे कमी असेल तेवढेच असू शकते.

नौकावाहू ट्रेलरवर बहुधा रेट्यावर चालणारे गतिरोधक बसवितात. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटला जातो, कपलिंगचा दांडा आत सरकतो व त्या दाबाने गतिरोधक लागतात. विद्युत् गतिरोधक पाण्यात, विशेषतः खाऱ्या पाण्यात वारंवार बुडाल्याने लवकर खराब होतात, म्हणून नौकांसाठी ते कमी पसंत केले जातात. जोडणी तुटल्यास ट्रेलर मोकाट सुटू नये यासाठी अमेरिकेत ओढदांडीखालून एकमेकींना छेदणाऱ्या दोन साखळ्या लावतात. ब्रिटनमध्ये गतिरोधकयुक्त ट्रेलरवर सुटताक्षणी त्याचे गतिरोधक ओढणारी तार असते. लांब उतारावर गतिरोधक सतत दाबून न ठेवता खालच्या गिअरमध्ये एंजिनाचा रोध वापरणे आवश्यक असते. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा सह्याद्रीतील जुन्या चालकांचा दंडक येथे तंतोतंत लागू पडतो.

गाडीच्या प्रेषणाचाही विचार करावा लागतो. पट्ट्यावर चालणाऱ्या अखंड बदलत्या प्रेषणाच्या काही गाड्यांना व अनेक संकरित गाड्यांना उष्णतेच्या कारणास्तव अल्प ओढक्षमता दिलेली असते किंवा ती दिलेलीच नसते. विद्युत् मोटारगाड्या जोरदार ओढतात, पण हवेच्या वाढत्या रोधामुळे त्यांचा पल्ला बराच, काही वेळा निम्म्यापर्यंत, घटतो.

पाण्याचा काठ : रस्त्यावरील प्रवास निर्वेधपणे पार पडला, तरी खरी परीक्षा पुष्कळदा नौका उतरविण्याच्या उतारावर होते. अमेरिकेत असे उतार साधारणपणे १२ ते १५ टक्के ठेवण्याची शिफारस आहे. १५ टक्के उतारावरून एकूण २,५०० किग्रॅ. वजनाची जोडी वर काढण्यास सु. ३,६०० न्यूटन ओढ लागते. पुढील चाकांनी चालणाऱ्या गाडीच्या त्या चाकांवर चढावर साधारण ८०० किग्रॅ. भार उरत असल्याने सु. ०·४६ एवढा घर्षणांक मिळाला, तरच गाडी हलेल. कोरड्या काँक्रीटवर तो सहज मिळतो. भरतीच्या पाण्याने शेवाळलेल्या काँक्रीटवर मिळेलच असे नाही. एंजिनाची शक्ती कितीही असली, तरी चाके जागच्या जागी फिरतात. मागील चाकांनी किंवा चारही चाकांनी चालणाऱ्या गाड्या येथे सरस ठरतात. अनोळखी उतार आधी पायी उतरून पाहणे, ओहोटीच्या वेळी त्याचे टोक कोठे संपते याची चौकशी करणे आणि गाडी उतारावर नेण्यापूर्वी मुले व इतर प्रवासी यांना बाहेर काढणे, ही खबरदारी अनुभवी नाविक कधीही टाळीत नाहीत. गाडी थांबवून उतरताना चाकांमागे लाकडी उटी लावावी. हातगतिरोधक बहुधा मागील चाकांवरच असतो आणि तीच चाके निसरड्या भागावर असतात.

कायदा : जर्मनीत मोटारगाडी व ट्रेलर यांसाठी सामान्य वेगमर्यादा ताशी ८० किमी. असून विशिष्ट अटी पाळणाऱ्या जोड्यांना ताशी १०० किमी.पर्यंत परवानगी मिळते. ब्रिटनमध्ये साध्या रस्त्यावर ताशी ५० मैल व महामार्गावर ६० मैल ही मर्यादा आहे. तेथे १९९७ पासून मोटारचालकांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत असे. ती अट डिसेंबर २०२१ मध्ये रद्द झाली. परीक्षा गेली तरी नवख्या चालकाने ट्रेलरचे वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा अधिक असू देऊ नये, ही तेथील जुनी शिफारस पाळण्याजोगी आहे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ‘मोटार वाहन’ या संज्ञेत ट्रेलरचाही समावेश होतो. त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी आवश्यक ठरते. आपल्याकडे ट्रेलर प्रामुख्याने शेतीच्या ट्रॅक्टरमागे दिसतो. ट्रॅक्टरचा वेग कमी असल्याने नागमोडी हेलकाव्यांचा अनुभव येथील चालकांना सहसा नसतो. आपल्या बाजारातील बऱ्याच मोटारगाड्यांच्या माहितीपुस्तिकेत ओढक्षमता दिलेली नसते; ती दिलेली नसल्यास गाडी ओढण्यास योग्य नाही असेच समजावे.

निगा : नौकावाहू ट्रेलरची चाके प्रवासात तापतात व लगेच थंड पाण्यात बुडतात. चाकाच्या तुंब्यातील हवा एकदम आकुंचन पावून धारव्यांत (बेअरिंगांत) पाणी शोषले जाते, वंगण धुऊन जाते व गंज चढतो. यामुळे रस्त्यात चाक जाम होणे हा या ट्रेलरचा नेहमीचा आजार आहे. वंगणावर स्प्रिंगेचा दाब ठेवणारी झाकणे हा त्यावरील प्रचलित उपाय असून पाण्यात उतरविण्यापूर्वी चाके थोडी निवू देणेही हितावह असते. साध्या दिव्यांची विद्युत् जोडणी त्याच वेळी काढून ठेवतात. खाऱ्या पाण्यातून काढल्यावर चौकट, कमानी व गतिरोधक गोड्या पाण्याने धुवावे लागतात. वर्षातील बहुतेक काळ ट्रेलर उभाच राहत असल्याने टायर झिजण्याआधीच उन्हाने व वयाने तडकतात. वरची नक्षी शाबूत असली तरी बाजूंच्या भेगा पाहाव्या लागतात. प्रवासास निघाल्यानंतर पहिल्या वीस-पंचवीस किमी.वर थांबून नौकेचे पट्टे पुन्हा आवळतात व प्रत्येक तुंब्याजवळ हात नेऊन पाहतात. एखादा तुंबा इतरांहून स्पष्टपणे गरम वाटल्यास त्याचा धारवा उघडून पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत.